उत्तरेला तोंड करून

चौथ्यांदा सेल्फ मारला तरी इंजिन लागेना, तेव्हा शिवकन्याने चावी सोडली आणि मनात दहा अंक मोजले. पाचव्यांदा लागलं, पण हिवताप भरल्यासारखं थरथरत. पिकअपच्या मागच्या हौद्यात दुधाचे कॅन एकमेकांवर आपटायला लागले. पांढरा धूर गोठ्यापर्यंत गेला. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आधी दबकायची, मग अंगात आल्यासारखी ओढायची. दहा मिनिटं हा तमाशा चालायचा आणि नंतर दिवसभर गाडी गुणाची.

त्या दहा मिनिटांनीच घात केला होता. चकलांब्याहून वाड्यावस्त्यांचं दूध गोळा करून गेवराईच्या शीतकरण केंद्रावर सातच्या आत पोचवायचं, हे तिचं काम. महिन्यात पाच वेळा उशीर झाला होता. केंद्राचे व्यवस्थापक अमरसिंह कालच बोलले होते, "ताई, या आठवड्यात आणखी एकदा सात वाजून गेले, तर लाईन दुसऱ्या गाडीला. मला पण वर उत्तर द्यावं लागतं."

लाईन नवऱ्याने, परमेश्वरने, सहा वर्षं सांभाळली होती. दिवाळीनंतर तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर गेला आणि चावी तिच्या हातात आली. गाडीचं दुखणंही तेव्हाच सुरू झालं. बाईच्या हाताला गाडी धार्जिणी नाही, असं चावडीवर लोकांनी ठरवूनही टाकलं होतं. फोनवर परमेश्वर म्हणाला, "मी येऊन जाऊ का?"

"तुमी कावून येता? मी बघते."

बघायला तिने सुरुवातही केली होती. गेवराईत हायवेला बजरंगचं गॅरेज. त्याने हीटर प्लग बदलले, बॅटरी तपासली, इंजेक्टर काढून पाहिले. दोन रात्री गाडी स्वतःकडे ठेवून घेतली आणि दोन्ही सकाळी, तशाच थंडीत, गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. हात पुसत बजरंग म्हणाला, "वहिनी, गाडीत काय बी न्हाई. हाताचा फरक हाय. परमेश्वरभाऊच्या हाताला कधी अशी रुसली न्हाई ती."

शिवकन्याने ते वाक्य टाकून दिलं नाही. हाताचा फरक असेल तर बजरंगच्या दारात तिच्या हाताने चावी फिरवल्यावर गाडी का लागली? दुसऱ्या सकाळी तिनेच चालू केली होती. म्हणजे चालवणारी तीच, थंडी तीच, डिझेल तेच. वेगळी होती ती फक्त जागा.

संध्याकाळी ती कॅन विसळत होती. टाकीतलं पाणी ओढून घ्यायला फवारणीच्या पंपाची पारदर्शक नळी वापरायची तिची सवय. काम झालं, तिने नळीच्या वरच्या तोंडावर अंगठा दाबला आणि नळी टाकीतून काढली. खालचं तोंड उघडं, तरी पाणी जागचं हललं नाही. अंगठा सरकवला, तशी वरून हवा शिरली आणि सगळं पाणी भसकन पायावर.

ती तशीच ओल्या पायांनी वळली आणि गाडीकडे पाहत राहिली.

अंगण गल्लीकडून वर घराकडे चढत जाणारं. गल्ली दक्षिणेला, घर उत्तरेला. गाडीचं नाक वर, डिझेलची टाकी खाली. परमेश्वर गाडी मागे घेत आत आणायचा, म्हणजे सकाळी सरळ बाहेर. पण तो गेला त्या दिवसापासून सासूबाईंनी, सावित्रीबाईंनी, फर्मान काढलं होतं की घरचा माणूस परमुलखात असेपर्यंत गाडीचं तोंड यमाच्या दिशेला होणार नाही. शिवकन्याने ते पाळलं होतं. बजरंगच्या गॅरेजची जमीन मात्र सपाट होती.

कुठूनतरी वर, इंजिनाच्या बाजूला, हवा शिरत होती. रात्रभर इंजिनाकडचं डिझेल मागे टाकीत उतरत होतं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "एक रात्र गाडी फिरवून लावते. दक्षिणेला."

सावित्रीबाई कडबा टाकत होत्या. त्यांनी पेंढी खाली ठेवली. "पोरगं माझं कोयता घिऊन फडात उभं हाय. आन तू गाडी यमाकडं तोंड करून लावतीस?"

"लाईन जाईल, आत्याबाई."

"लाईन जाऊ दे. न्हाई म्हंजी न्हाई."

 शिवकन्याने फावडं उचललं. गाडीच्या मागच्या चाकांच्या मागे मुरूम ओढून ती दाबत राहिली. अर्ध्या तासाने सावित्रीबाई जवळ आल्या. "हे काय चाललंय बाई?"

"तोंड उत्तरेलाच ऱ्हाईल. फक्त बूड उचलते."

म्हातारीने क्षणभर सुनेकडे पाहिलं, मग गोठ्यामागच्या सपाट धोंड्यांकडे. "नुसता मुरूम दबंल. हे धोंडे घाल खाली," असं म्हणून पहिला धोंडा त्यांनीच लोटत आणला. "लई हट्टी हायेस. माझ्या लेकाला कसं झेपतंय, देव जाणे."

शिवकन्याने सावकाश गाडी मागे चढवली, हँडब्रेक ओढला, पुढच्या चाकांना दगडांची अटक लावली. बॉनेट आता टाकीपेक्षा खाली होतं. तोंड उत्तरेलाच.

पहाटे साडेचारला तिने चावी फिरवली. पहिल्या सेल्फला इंजिन लागलं आणि एकसारखं बोलत राहिलं. हौद्यातला एकही कॅन वाजला नाही.

दूध वेळेत उतरवून ती थेट बजरंगकडे गेली. "भाऊ, डिझेलच्या वाटेत हवा शिरतीय. वरच्या अंगाला."

"गळती कुठंच न्हाई वहिनी. एक थेंब दाखवा."

"बाहेर कशाला गळंल? आत ओढून घेतीय ती. डिझेलच्या वाटेत सगळ्यात उंचावर काय हाय?"

बजरंगने बॉनेटमध्ये पाहिलं. "डिझेल फिल्टर."

"मग तो खोला."

"दिवाळीत मीच बदललाय तो. नवाकोरा हाय."

"दिवाळीनंतरच रुसलीय गाडी. खोला."

त्याने फिल्टर खोलला. वरची रबरी रिंग बोटावर घेऊन वाकवली, तशी तिच्यात केसाएवढी चीर उघडली. रिंग दगडासारखी कडक होती. 

"डब्यात नवी रिंग निघाली नव्हती," बजरंग म्हणाला. "म्हणून जुनीच बसवली. परमेश्वरभाऊ गडबडीत होते."

"आता नवी बसवा. आन हाताचा फरक कुणाचा, ते तुमच्या परमेश्वरभाऊचा फोन आल्यावर तुमीच सांगा."

तो ओशाळून हसला आणि रिंग शोधायला आत गेला.

पण शिवकन्याचं अजून संपलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिने मुरूम उपसून काढला, धोंडे बाजूला केले आणि गाडी होती तशी चढावर लावली, नाक वर, टाकी खाली. सावित्रीबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं, चांगली लागत होती की! उद्या न्हाई लागली तर?"

"न्हाई लागली तर दुखणं वेगळं हाय, ते कळंल. धोंड्यांवर किती दिवस काढायचे?"

पहाटे दव पडलं होतं. तिने चावी अर्धी फिरवली, हीटरचा लाल दिवा विझेपर्यंत थांबली. सावित्रीबाई शाल गुंडाळून दारात उभ्या होत्या. मग तिने सेल्फ मारला, एकदाच.

गेवराईत ती पोचली तेव्हा केंद्राचं फाटक अजून बंद होतं. तिने हॉर्न दिला आणि इंजिन चालू ठेवून वाट पाहत बसली.