बापाच्या तोंडची माफी

माझ्या बापाने झारच्या जनरलला भर दुपारी, चौकात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गोळी घातली आणि तो पळाला नाही. मेतेखीच्या तुरुंगात त्याच्यापुढे दयेचा अर्ज ठेवला. ‘केल्याचा पश्चात्ताप होतोय’ एवढं लिहून सही करायची, की फाशीची जन्मठेप होणार. आईला तेव्हा आठवा महिना सरत आला होता. तिने जाळीतून हात जोडले, “माझ्यासाठी नको, पोटातल्यासाठी तरी कर रे सही.” त्याने केली नाही. मी जन्मले तेव्हा त्याला जाऊन अकरा दिवस झाले होते.

आता खरं सांगू? मला त्याचा राग येतो. अजून येतो. एक सही केली असती तर मला बाप असता, दूर सैबेरियात का होईना. लहानपणी उशीत तोंड खुपसून मी त्याला चिक्कार शिव्या घातल्यात. पण ती न केलेली सही माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही. घर नाही, शेत नाही, बापाचा साधा फोटो नाही. मला मिळालं ते एवढंच.

म्हणून माझ्या एकसष्टाव्या वर्षी ओतियाने तो कागद माझ्या हातात दिला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. ओतिया आमचा दिग्दर्शक. तिबिलिसीच्या स्टुडिओत सामानघर मीच सांभाळते, तलवारींपासून चमच्यांपर्यंत सगळं. दोन वर्षं तो माझ्या बापावर, एर्मिले च्खाइद्झेवर, सिनेमा करत होता आणि मी जीव ओतून सामान पुरवत होते. आणि आता हा नवा सीन! फाशीच्या दिवशी जेलर वाइन पाठवतो. एर्मिले मेलेल्या जनरलच्या नावाने ग्लास उचलतो आणि म्हणतो, ‘जनरल, मी चुकलो. मला क्षमा कर.’

“हे काय लिहिलंस, मेल्या?” मी विचारलं.

“मी नाही लिहिलं, मावशी. मॉस्कोच्या सेन्सॉरकडून आलंय. एकट्याने पिस्तूल चालवणं चूक, हे त्याला शेवटी कळलं पाहिजे म्हणे.”

“माझा बाप मॉस्कोला माझ्यापेक्षा जास्त ओळखीचा आहे का?”

“सीन नाही तर सिनेमा नाही. सगळी रिळं कपाटात जातील.”

“जाऊ देत की! कपाटं काय कमी आहेत?”

“जातील. आणि मग एर्मिलेचं नाव आणखी पन्नास वर्षं कुणी घेणार नाही. बोल, पाहिजे तुला तसं?”

पोरगं माझ्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवून मोकळं झालं.

मग मी पार्मेनकडे गेले. स्टुडिओत येणारी प्रत्येक पटकथा त्याच्या टेबलावरून जायची. आमच्याच गुरिया प्रांताचा माणूस, पण सावलीलाही घाबरणारा. शिंकायचं झालं तरी आधी परवानगी काढेल.

“तेब्रोनेबाई, एक वाक्य तर आहे,” तो पुटपुटला. “साधं वाक्य.”

“ते साधं वाक्य बोलला असता तर माझा बाप जगला असता, पार्मेनसाहेब. त्याने मान दिली पण ते दिलं नाही. आणि तुम्ही आता त्याच्या तोंडात फुकटात कोंबताय? लाज वाटू द्या जरा!”

मी दार आपटून बाहेर आले.

शूटिंगच्या दिवशी सकाळी मी कोठडीतलं टेबल मांडत होते. मक्याची भाकरी, चीज, मातीची सुरई, ग्लास. सुरईत वाइन ओतायला गेले आणि हात थांबला.

आमच्यात वाइन उचलतात ती आपल्या माणसांसाठी. मेलेल्यांसाठी, जन्मलेल्यांसाठी, दारात आलेल्या पाहुण्यासाठी. बिअर हातात घेऊन कुणाचं नाव घेतलं, तर समजावं की त्याचं वाटोळं व्हावं असं मनात आहे. जकातवाले, पोलीस, खोटे साक्षीदार, सोडून गेलेले नवरे, या सगळ्यांना बिअर. बिअर पिताना चुकून मित्राचं नाव घेतलं, तर आमचा माणूस कान पकडतो आणि तीनदा थुंकतो. हे मॉस्कोत कोणाला ठाऊक असणार?

मी कोपऱ्यावरच्या टपरीवरून बिअरच्या दोन बाटल्या आणल्या आणि सुरईत रिकाम्या केल्या. सिनेमा काळापांढरा, रंगाचा उपयोग नव्हता. फेस दिसायला हवा होता. म्हणून कॅमेरा लागला, सगळे आपापल्या जागी गेले, तेव्हा मी पुढे झाले आणि सुरई वर धरून अशी ओतली की ग्लासावर बोटभर फेस चढला.

तामाझ, म्हणजे माझ्या बापाचं काम करणारा नट, त्याने ग्लास उचलला आणि त्याचं नाक हललं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मीही डोळे वटारले, बोल म्हटलं, आता बोलच. ओतियाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला थांबवता आलं असतं. त्याने थांबवलं नाही.

तामाझने ग्लास उंच धरला. मान ताठ. “जनरल, मी चुकलो. मला क्षमा कर.” एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आणि घटाघटा पिऊन त्याने मिशांवरचा फेस मनगटाने पुसला.

“कट,” ओतिया म्हणाला. “दुसरा टेक नको.”

मग मॉस्कोहून सिनेमा तपासायला अर्कादी स्तेपानोविच आले. छोट्या खोलीत आम्ही पाच जण बसलो. मला ओतियाने मुद्दाम बसवलं होतं, बुडालो तर सगळे मिळून बुडू म्हणाला. तो सीन आला. पार्मेन खुर्चीत ताडकन सरळ झाला. त्याला कळलं. गुरियाचा माणूस, न कळायला काय झालं?

“थांबवा जरा,” अर्कादी स्तेपानोविच म्हणाले. “त्या ग्लासात फेस कसा?”

पार्मेनने एक शब्द काढला की सिनेमा गेला, ओतिया गेला, मी गेले, तामाझच्या दोन पोरांची भाकरी गेली. पार्मेनने रुमाल काढला, कपाळ पुसलं.

“नवी वाइन आहे,” तो म्हणाला. “आमच्या गुरियाची. ती अशीच फेसाळते, अर्कादी स्तेपानोविच.”

“अस्सं! छान. जिवंत वाटतं.” आणि त्यांनी सही केली.

बाहेर जिन्यात मी पार्मेनला गाठलं.

“मी वाइन पाहिली,” तो मला बोलू न देता म्हणाला. “कोणीही विचारलं तरी मी वाइनच पाहिली. कळलं?” आणि तरातरा निघून गेला. मी त्या माणसाला आयुष्यभर भित्रा म्हणत आले. जळो माझी जीभ!

सिनेमा आमच्या गावात, झेमोखेतीत, रविवारी दुपारी लागला. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. माझ्या बापाच्या बरोबरीचे दोन म्हातारे पहिल्या रांगेत, बाकी त्यांची नातवंडं-पतवंडं. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. लोकांना दिसलंच नाही तर? त्यांनी नुसतं वाक्य ऐकलं तर? मग माझ्या बापाने खरंच माफी मागितली असं होईल, त्याच्याच गावात, आणि ती त्याला मागायला लावली कोणी? मी. टेबल मी मांडलं होतं.

कोठडी आली. सुरई वाकली. ग्लास भरला आणि फेस चढला.

मग पहिल्या रांगेतला कोत्सिया म्हातारा काठी टेकत उठला, नव्वदीला टेकलेला, पडद्याकडे बोट करून ओरडला, “अरे, बिअर! बिअर आहे ती! शाब्बास रे एर्मिले! शाब्बास माझ्या वाघा!”

झालं! अख्खा हॉल उठला. कोणी शिट्या मारतंय, कोणी टोप्या उडवतंय, बायका हसता हसता रडतायत, कोणी बाकं बडवतंय, कोणी जनरलच्या सात पिढ्यांचा उद्धार करतंय. पडद्यावर माझ्या बापाचे ओठ हलताना दिसत होते.

सिनेमा गावात सहा दिवस चालला. सहाही दिवस मी मागे उभी होते आणि फेस चढला की हॉल असाच गरजत होता. ते वाक्य आमच्या गावात अजून कोणी ऐकलेलं नाही.