वरचं टोक

प्रभूनं चप्पल पुढं सरकवली आणि एक पीस पायाखाली घेतलं. पण माळावर वारा होता. बोरीच्या झुडपाखालून आणखी चार-पाच पिसं भिरभिरत बाहेर आली, ती शिवानीनं उचलली.

"मॅडम, हीच ती जागा! फोटोतली बोर."

सोलापूरच्या कॉलेजातून भार्गवी मॅडम दर हिवाळ्यात मुलांना माळ दाखवायला आणत, आणि सोबत प्रभूच लागे. पक्षी ओळखायला त्याला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांच्याच शब्दावर पुण्या-मुंबईचे फोटोवाले आता त्याच्याकडं येत. त्यातल्या एकानं काल इथं काढलेला फोटो, तितरावर झेपावणारी मोरघार, रात्रीपासून सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. आज मुलांना तळ्याच्या बाजूनं न्यायचं प्रभूनं ठरवलं होतं. मुलांनी ऐकलं नाही.

"सांगा बरं, शिकार कुणी केली?" मॅडमनी विचारलं.

"फोटो बघितलाय की, मॅडम!" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"फोटो विसरा. पिसं काय सांगतात?"

शिवानीनं पीस उलटंपालटं केलं. "दांडा मुळापासून निघालाय, म्हणजे उपटलंय. खोकड किंवा मुंगूस असतं तर दातानं तोडलं असतं, दांडा चेचला असता. म्हणजे पक्षीच." ती थांबली. "पण वरचं टोक सरळ कापलंय. ह्याचंही. सगळी एकाच मापाची आहेत."

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला आणि पिसं डोळ्यांजवळ धरली.

"प्रभू, हे काय रे?"

दोन दिवस मोरघार नुसती घिरट्या घालत होती, आणि फोटोवाल्या पाहुण्याला काल संध्याकाळची गाडी गाठायची होती. तितर प्रभूनंच जाळ्यात धरला, प्रभूनंच मांडीवर दाबला. त्याच्या छातीतली धडधड तळहाताला लागत होती. पंखांवर कात्री चालवताना प्रभूनं मान वळवली होती. हे कळलं तर मॅडम पुन्हा त्याला माळावर बोलावणार नव्हत्या. रागावणारही नव्हत्या, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटत होती.

"तारंत आडाकला आसंल," तो म्हणाला. "मायाक्काच्या रानाला तार हाय की, तितं."

मॅडमचा चेहरा उजळला. "बघा! तारेनं पंख कापले, उडता येईना, म्हणून घारीला सापडला. हे पुस्तकात नसतं. त्यासाठी प्रभू लागतो."

प्रभू पायाखालच्या पिसाकडं बघत राहिला.

"मग खरा शिकारी कोण, मॅडम? घार की तार?" शिवानीनं विचारलं.

"तार. चला, मायाक्कांना सांगू, काढून टाका म्हणावं."

"ऊन लई झालंय, मॅडम. मी सांगतो की तिला."

"तुझं ती कधी ऐकते?" म्हणत मॅडम चालूही लागल्या. मुलं त्यांच्यामागं निघाली. शिवानीनं एक पीस टोपीत खोवलं होतं. ते सगळी वाट प्रभूच्या पुढं हलत होतं.

मायाक्का ज्वारीच्या बांधावर जुनं लुगडं फाडत बसली होती. रानाभोवती लाल, हिरव्या, विटक्या साड्या वाऱ्यानं फुगल्या होत्या. तार कुठंच दिसत नव्हती.

"मायाक्का, तुमच्या रानाची तार कुठंय?"

"तार? ती कवाच चोरानं नेली, बाई. डुकरं शिरत्यात म्हनून ही लुगडी." तिनं काठ दाताखाली धरून हिसका मारला, आणि तिची नजर मागं गेली. "आरं प्रभ्या, हितं हाईस व्हय! काल नेल्याली कात्री आन की, लेका. हाईत ती दोन दातं पन पडायची माजी."

मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मुठीतली पिसं एकदा बघितली आणि मूठ मिटली.

प्रभूनं खांद्यावरच्या पिशवीत हात घातला. कात्री हाताला लगेच लागली. तरी तो बराच वेळ शोधत राहिला.