अमोनिया पिणारं शेत

वोब्बेचं शेत हवेतला अमोनिया पितं, असं मोजणीतून निघालं तेव्हा वोब्बेला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. आपलं शेत इतरांपेक्षा बरं आहे हे त्याला ठाऊकच होतं.

फ्रीसलंड या डच प्रांतात पातळ शेणखत जमिनीला चिरा पाडून आत सोडायचं, असा नियम. वोब्बे मात्र त्यात भरपूर पाणी घालून ते वरूनच शिंपडायचा. चिरा पाडणारं अवजड यंत्र त्याच्या ओल्या जमिनीत रुतायचं आणि टिटव्यांची अंडी चिरडायचं. म्हणून त्याला सवलत मिळाली होती. ती टिकायची तर आपल्या शेतातून अमोनिया कमी उडतो, हे यंदा मोजून दाखवायला हवं होतं. नाहीतर टिटव्यांनी आपलं आपण बघावं.

मोजायला संशोधन संस्थेची रुलीन आली. तिने शेतात खांब रोवून त्यांवर अमोनिया धरणाऱ्या बाटल्या लावल्या. एक खांब घराजवळ, वारा येतो त्या बाजूला. बाहेरून आलेला अमोनिया त्यात कळायचा आणि शेताच्या हिशेबातून वजा व्हायचा.

निकाल घेऊन ती आली ती कपाळाला आठ्या घालूनच. "आकडा उणे आलाय."

"मी कधीपासून हेच सांगतोय," वोब्बे म्हणाला.

रुलीन घराजवळच्या खांबापाशी गेली. शेतातले खांब पक्ष्यांनी रंगवून ठेवले होते. हा चकाकत होता.

"हा कोणी पुसला?"

"मी," वोब्बेची बायको येल्टे म्हणाली. "शुक्रवारी खिडक्या धुते, त्याच बादलीत हाही उरकला. घरासमोर असला घाणेरडा खांब? लोक काय म्हणतील?"

"पाण्यात काय घातलं होतं?"

वोब्बेने येल्टेकडे डोळे वटारले. साबण म्हण गं बाई, साबण!

"अमोनिया," येल्टे म्हणाली. "त्याशिवाय काचा लख्ख निघतात होय?"

रुलीनने डोळे मिटून घेतले. "सगळं रद्द. पुन्हा शिंपडा, पुन्हा मोजू. पण मोजणी संपेपर्यंत खिडक्यांना हात लावायचा नाही."

येल्टेने आधी खिडक्यांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. त्यांचं घर रस्त्याला लागून होतं.

पावसाने मोजणी लांबली. काचांवर ओघळ, वर माश्यांची घाण. येल्टे बाजाराला मागच्या दाराने जाऊ लागली. शेवटी त्या काचा बघून शेजारची हिस्के सांत्वनाचा केक घेऊन दारात आली आणि हळूच म्हणाली, "वोब्बे गेला का गं?"

"नाही," येल्टे म्हणाली. "अजून तरी नाही."

नवा आकडा उणे नव्हता, पण मर्यादेच्या आत होता. सवलत राहिली. वोब्बेला इतका आनंद झाला की तो "बरं झालं" म्हणाला. मग बादली काढून त्याने जन्मात पहिल्यांदा खिडक्या धुतल्या. काचभर फराटे उठले.

रविवारी चर्चमधून आलेल्या बायका कॉफी पिताना त्या फराट्यांकडेच बघत होत्या. येल्टेने पडदे आणखी बाजूला सारले.