ताजा की शिळा

मित्रांनो, मी ॲल्युमिनियमचा एक जुना साचा आहे. माझ्या पोटात यकृताचा आकार कोरलेला आहे. पनवेलच्या एका छोट्या कारखान्यात माझ्यात गरम जिलेटिन ओततात आणि मला फ्रिजमध्ये ठेवतात. ते घट्ट झालं की त्या खोट्या यकृतावर शस्त्रक्रियेच्या कात्र्या चालवून पाहतात. गरम काय, गार काय, मला काहीच वाटत नाही. अशी सात वर्षं गेली.

मला भरायच्या त्या करंजा गावच्या ठमाबाई. पूर्वी त्या मासळी विकत. जेल जमलं की नाही हे त्या मासळीसारखंच पाहत. अंगठा दाबायचा, खड्डा लगेच भरून आला तर ताजा, नाही तर शिळा. इंजिनिअर कादंबरी मॅडम आधी हसल्या. पण अंगठ्याचा अंदाज जेलचा घट्टपणा मोजणाऱ्या यंत्राशी इतका जुळायचा, की यंत्र बिघडलं तेव्हा कोणी ते दुरुस्तच केलं नाही. वहीत दोन रकाने पडले, ‘ताजा’ आणि ‘शिळा’. पाहुणे आले की मॅडम कौतुकानं ठमाबाईंना पुढे करत. माझ्याकडे कोणी पाहत नसे. त्याचंही मला काही वाटलं नाही.

यंदा एका दुपारी मला उकळत्या पाण्यानं धुतलं. ठमाबाईंनी मला उचललं आणि त्यांचा अंगठा माझ्या तापलेल्या काठावर तसाच राहिला. फोड दिसला तेव्हा त्यांना कळलं. त्या फोडाकडे बघत बसल्या.

त्यांनी ताजा म्हटलेल्या जेलवर पास झालेल्या कात्र्यांची खोकी दाराशी बांधून तयार होती. जेल नरम राहिलं तर बोथट कात्रीही सहज कापते. खऱ्या पोटात ती अडते. गप्प राहिल्या असत्या तर त्यांचं काम टिकलं असतं.

“मॅडम, खोकी पाठवू नका. आंगठ्याला काय कलत नाय. मी आपली सवयीनं ताजा बोलत व्हते.”

“कधीपासून?”

“म्हैना झाला असंल. कोनी इचारला नाय, मी पन सोताला नाय इचारला.”

मॅडमनी महिनाभराची खोकी परत मागवली. नऊ कात्र्या बोथट निघाल्या. डॉक्टर म्हणाले, रक्तातल्या वाढलेल्या साखरेनं अंगठ्याला बधिरपणा आलाय. यंत्र दुरुस्त झालं. ठमाबाई आता मला फक्त तेल लावतात. जाताना एकदा जेलवर अंगठा दाबतात आणि काही न बोलता उचलतात. तेव्हा मात्र मला वाईट वाटतं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी धातू आहे, बधिरच असायचा. पण ज्या हातावर तुम्ही विसंबता, तो बरा आहे ना, एवढं विचारत जा. आमच्या वहीत त्यासाठी रकाना नव्हता.