शेंडीची कुरडई

आमच्या मैत्रेयी मॅडमचा एक कायदा हाय. ज्या बाईनं जिन्नस केला, तिचं नाव पाकिटावर पायजे. नावाच्या चिठ्ठीबिगर पाकीट दाराबाहेर जायचं न्हाई. 'बनवणार: लंकाबाई श्रीमंत सुरवसे' अशी चिठ्ठी पहिल्यांदा चिकटवली तवा मी म्हनले, "आवं मॅडम, सासूनं माज्या हातचं इतकी वर्सं खाल्लं, पन कधी नाव काढलं न्हाई. आन् तुमी छापायला निघाला!"

नेवाशाच्या वाटेवरचं हे केंद्र डोकं बिघडलेल्या बायांचं. मी त्यातलीच, लपवायचं काय? सात वर्सांमागं मला आवाज ऐकू यायला लागले. खर्ड्याजवळच्या आमच्या वस्तीवरनं एक दिवस चालत निघाले, ती चौथ्या दिवशी सापडले. घरच्यांनी देव केले, भगत केले, मग हितं आनून सोडलं. गोळ्या लागू पडल्या, आवाज गेले. पन हात थरथरायचे, आन् दिवस जाता जायचा न्हाई. मग मॅडमनी कामाच्या वर्गात घातलं, हातात सोऱ्या दिला. पहिली कुरडई अशी पडली, जशी कोंबडीनं उकरून ठिवली. मी सोऱ्या फेकून दिला. मॅडमनी उचलून परत हातात दिला. असं सहा म्हैने चाललं, मग कुठं हात वळला.

आता आमी ऑर्डरीची रुखवतं करतो. नवरीच्या आईनं लेकीसंगं द्यायचं समदं: पापड, शेवया, कुरडया, सुपारीचे नवरा-नवरी. ज्यांना सवड न्हाई त्या आया आमच्याकडनं नेतात. कुरडया माज्याकडं. नव्या बायांना मीच शिकवते, आन् चुकल्या की वरडते बी मीच.

पन खरं सांगू? लोकांच्या लेकींची रुखवतं करताना माजा जीव तुटायचा. माजी ज्ञानेश्वरी, ज्ञानू, कुरडयांचा चीक शिजायला लागला की वाटी घेऊन चुलीपाशी उभी. "आई, झाला का?" दहा येळा तेच. तेरा वर्सांची घोडी झाली तरी तेच. तिच्यासाठी मी एका कुरडईला मधोमध वर शेंडी काढायची, चिमटीत धरून खायला. सुकल्यावर ती घरभर मिरवायची.

मी हितं आल्यावर पहिल्या वर्सी ती बापासंगं भेटाया आली हुती. मी तिला वळखलं न्हाई. पोरगी समोर "आई, आई" करत हुती, आन् मी म्हनले, हिला बाहेर काढा. त्यानंतर ती आली न्हाई. तिचा काय दोस? मी बरी झाले तवापासनं दर रविवारी फाटकाकडं तोंड करून बसते.

चैतात मालक आले. मोसंबी आनली, तवाच वळखलं, काहीतरी हाय.

"ज्ञानूचं जमलं," ते म्हनले. "पोरगं ग्वाड हाय, पार्थ नाव. वैशाखात लगीन."

मी उठूनच उभी राहिले. "मी येते! मॅडम सुट्टी देतील."

ते चपलांकडं बघत राहिले. "पोराकडच्यांना सांगितलंय... आई न्हाई म्हनून."

"न्हाई म्हंजी?"

"म्हंजी, वारली."

"अगं बाई! मग तेराव्याला काय केलं हुतं? बुंदी, का लाडू?"

"थोरल्या भावानं परस्पर सांगितलं. मी गप बसलो, चुकलं माजं. आता कळलं तर मोडंल." मग हळूच म्हनले, "पन रुखवत हितनंच न्यायचं ठरवलंय मी. तुज्या हातचं असावं. फकस्त नावाच्या चिठ्ठ्या नगं. ज्ञानूला बी दुकानातनं आनलं म्हनून सांगतो, उगं रडंल."

त्यांना मी लई बोलले. मोसंबी बी परत दिली. दोन दिवस सोऱ्याला हात लावला न्हाई. मेलेल्या बाईनं कशाला कुरडया घालायच्या? तिसऱ्या दिवशी उठले आन् गहू भिजत घातले. लेकीचं रुखवत दुसरीच्या हातनं गेलं असतं तर मी खरंच मेले असते.

न्यायच्या दिवशी मॅडम अडून बसल्या. "लंकाबाई, नावाशिवाय पाकीट जाणार नाही. नियम म्हणजे नियम."

"मॅडम, नाव माजं हाय. मीच काढते."

एकेक चिठ्ठी मी नखानं सोलली. मॅडम खिडकीतनं बाहेर बघत राहिल्या. शेवटच्या कुरडयांच्या पाकिटात मात्र वर एक कुरडई ठिवली हुती, शेंडीची. घालताना हातानं ऐकलंच न्हाई.

लगनाच्या दिवशी मला काम सुचंना. दुपारी अक्षता पडल्या असतील म्हनून मी आपली हितंच चार तांदळाचे दाने फाटकाकडं टाकले. तासाभरानं मॅडम मोबाईल घेऊन पळत आल्या. मालकांचा फोन हुता, पन बाईचा आवाज. खनखनीत.

"इहिनबाई, मी पार्थची आई बोलते. जित्या हाय का तुमी?"

मी मोबाईल दोन्ही हातांनी कानाला धरला.

"रुखवत बघत हुतो आमी बाया. नवरी आली, एक शेंडीवाली कुरडई उचलली, आन् हमसून रडायला लागली. म्हनली, ही माज्या आईनं केली, माजी आई जिती हाय. कागद-पेन मागून घेतलं आन् समद्या ताटांपुढं तुमच्या नावाच्या चिठ्ठ्या ठिवल्या तिनं, भर मांडवात. आवं, जित्या बाईला मारतात व्हय? तुमच्या मालकाला मी चांगलं झापलंय."

"लगीन..." मी कसंबसं म्हनले.

"लागलंय की! पोरीचं काय चुकलं? आता पाचव्या दिवशी मांडवपरतनीला ती माहेरी यायची. माहेर म्हंजी आई आसंल तिथं. पत्ता सांगा."

हा पत्ता मी आजवर कुनाला सांगितला नव्हता. मॅडमकडं बघितलं, पदरानं तोंड पुसलं.

"नेवाशाच्या वाटेला या. निळी पाटी हाय, मानसिक आरोग्य केंद्र म्हनून. न्हाई सापडलं तर येड्या बायांचं केंद्र इचारा, कुनीबी दावंल."

"येतो," बाई म्हनली. मग फोन कुनीतरी घेतला. नुसतं नाक वढल्याचा आवाज. मी थांबले. इतकी वर्सं थांबले हुते, आनखी थोडं.

"आई," ती म्हनली, "झाला का?"

"थांब की गं जरा," मी म्हनले. "गहू तर भिजू दे."