राखून ठेवलेले पान

मित्रांनो, मी एक जुनी सुझनी आहे. सुझनी म्हणजे भिंतीवर टांगायचे, रेशमाने भरलेले मोठे कापड. नुराता गावात ओयनिसाच्या घरी, पाहुण्यांच्या खोलीत, दारासमोरची भिंत माझी होती. होती, असेच म्हणावे लागते. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, मी मत्सरी आहे. तुमच्यापासून लपवून काय उपयोग?

माझा जन्म शरदातला. ओयनिसाच्या आजीने लेकीच्या लग्नासाठी डाळिंबाच्या साली उकळून पिवळा रंग काढला, अक्रोडाच्या टरफलांतून तपकिरी आणि मंजिष्ठेच्या मुळांतून लाल. मग कापडाचे चार पट्टे करून चौघींना भरायला वाटले, कारण एकटीने भरायचे तर नवरी म्हातारी झाली असती. तिसरा पट्टा शेजारणीकडे गेला. तिचे लाल रेशीम संपले, तिने विटकरी वापरले आणि कुणाला बोलली नाही. पट्टे पुन्हा जोडले तेव्हा मधले डाळिंब अर्धे लाल, अर्धे विटकरी निघाले. चौघी पोट धरून हसल्या. उसवले मात्र कुणी नाही.

खालच्या कोपऱ्यातले एक पान आजीने मुद्दाम रिकामे ठेवले. त्याची नुसती रेघ आहे. आमच्याकडे सुझनी कधी पूर्ण करत नाहीत. सुझनी पूर्ण झाली की घरातले काम संपले, आणि काम संपलेल्या घरात भरभराट राहत नाही, असे जुन्या बायका मानतात.

लग्नाच्या दिवशी चार बायका माझी चार टोके धरतात आणि नवरी माझ्याखालून चालत जाते. आधी आजीची लेक, म्हणजे ओयनिसाची आई गेली, मग ओयनिसा गेली. ओयनिसाने मला सासरी आणले. एरवी मी भिंतीवर असे. पाहुणे चहाची वाटी हातात घेऊन माझ्याकडे पाहत आणि म्हणत, "हिला पाहिलं की बारा महिने घरात शरद असल्यासारखं वाटतं." मला ते ऐकायची सवय लागली. सवय वाईट हो.

गेल्या वर्षी ओयनिसाची सून आली. शाहिस्ता, ताश्कंदची, चित्रकार. नव्या सुनेने सगळ्यांच्या आधी उठून अंगण झाडायचे, ही आमची रीत. तीही झाडायची, पण जर्दाळूची पिवळी-तांबडी पाने टाकून न देता परातीत घालून घरात आणायची. खिडकीत बिही फळांची रांग, कोनाड्यात डाळिंबे, दारावर पानांची माळ. शेजारची गुलसुम मावशी एकदा म्हणाली, "ओयनिसा, झाडलेला कचरा उचलून घरात आणणारी सून मी जन्मात पहिल्यांदा बघतेय गं!"

"तुझी सून तर झाडतच नाही," ओयनिसा म्हणाली.

मला मावशीचे बोलणे आवडले होते. माझ्या खोलीत शरद आणायला मी मेले होते का?

पुढे शाहिस्ताने अंगणातल्या जर्दाळूच्या झाडाचे मोठे चित्र काढले. पान न् पान पेटलेले. ओयनिसाने ते पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि मला उतरवून माझ्या जागी टांगले. मला पांघरुणांच्या थप्पीवर टाकले. "जुनी आहे, विसावू दे," म्हणाली.

विसावा कुणी मागितला होता? माझे रंग सालींतून आणि मुळांतून आलेले, त्याचे नळीतून पिळलेले. त्याला जवसाच्या तेलाचा वास येई. पण पाहुणे आता त्याच्यासमोर चहा घेत आणि माझ्यावर उशा फेकत. माझा नुसता जळफळाट होई. एकदा त्याच्या चौकटीवर माशी बसली, तर मला दिवसभर बरे वाटले.

यंदा ओयनिसाची लेक मुहायो हिचे लग्न ठरले. मी मनात म्हटले, चित्राखालून कुणी नवरी नेत नाही. आता माझा दिवस.

लग्नाला चार दिवस होते. ओयनिसा आमंत्रणे करायला बहिणीच्या गावी गेली. शाहिस्ताने माझी उसवलेली कड शिवायला मला मांडीवर घेतले आणि कोपऱ्यातले रिकामे पान तिला दिसले. ती शहरातली, तिच्या माहेरची सुझनी यंत्रावर भरलेली, काठापासून काठापर्यंत पूर्ण.

"अगंबाई, बिचारीचं एक पान राहूनच गेलंय!" ती म्हणाली.

तिने डाळिंबाची साल उकळली, माझ्या पिवळ्याशी जुळेल असे रेशीम रंगवले आणि दोन दुपारी बसून पान भरले. मित्रांनो, मी तिचा धागा गुंतवू शकले असते. जुन्या कापडाला ते काय अवघड? पण मी गुळगुळीत पडून राहिले. कित्येक वर्षांत माझ्या अंगावरून कुणाची बोटे इतक्या मायेने फिरली नव्हती. शिवाय वाटले, चित्र पूर्ण आहे, मग मीही पूर्ण झाले तर बिघडले कुठे?

ओयनिसा परतली. शाहिस्ताने हौसेने मला तिच्यापुढे पसरले. ओयनिसाची नजर कोपऱ्यात गेली आणि तिने त्या पानावर बोट ठेवले.

"हे पान कुणी भरलं?"

"मी, आई. राहिलं होतं ना. मुहायोच्या लग्नात अर्धवट कसं दिसेल?"

"राहिलं नव्हतं गं पोरी, ठेवलं होतं. माझ्या आजीनं ठेवलं, आईनं ठेवलं, मी ठेवलं. आता हिच्याखालून लेकीला कशी नेऊ?"

गुलसुम मावशी दारातच होती. "मुहायोनं भरलेली नवी आहे की. तीच धरा."

"नवीच धरावी लागेल," ओयनिसा म्हणाली आणि तिने माझी घडी घातली. मला पूर्ण व्हायचे होते, झाले होते, आणि आता माझा कुणालाच उपयोग नव्हता.

तेवढ्यात शाहिस्ताने ती घडी तिच्या हातातून ओढून घेतली. ती रडत होती, पण कात्री तिने आधीच हातात घेतली होती. "मी घातलेले टाके मीच काढते. आई, तुम्ही फक्त जवळ बसा."

दिवस कलेपर्यंत तिने एकेक टाका सोडवला. दोन दुपारींचे काम एका दुपारीत गेले. ओयनिसा शेजारी बसून धागे गोळा करत होती. शेवटी पान रिकामे झाले, पण सुईची भोके राहिली.

"भोकं दिसतायत," शाहिस्ता म्हणाली.

"दिसू देत. विचारलं कुणी, तर सांगू की सून हौशी आहे."

लग्नाच्या दिवशी चौघींनी माझी टोके धरली. रिकाम्या पानाकडचे टोक ओयनिसाने शाहिस्ताच्या हातात दिले. मुहायो माझ्याखालून गेली. त्या क्षणी माझ्या मनात कुणाविषयी काही वाईट नव्हते. खरेच सांगते.

ते टिकले दोन दिवस. तिसऱ्या दिवशी शाहिस्ताने सुरी घेतली आणि चित्रातल्या सगळ्यात खालच्या फांदीवरचे एक पान खरवडून काढले, पांढरे कापड दिसेपर्यंत.

"हं," ओयनिसा म्हणाली, "आता हे आपल्या घरातलं झालं."

मित्रांनो, आम्हा जुन्या कापडांना उन्हात टांगू नका, घडीत अक्रोडाची वाळलेली पाने ठेवा, आमच्यावर उशा फेकू नका. आणि कुणाचे काही रिकामे दिसले तर भरण्याआधी घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा. एवढीच विनंती.

ओयनिसाने मला पुन्हा भिंतीवर घेतले आहे, चित्राच्या अगदी समोर. दिवसभर मी त्याचे रिकामे पान बघत असते. माझ्यापाशी एवढे एकच होते, जे त्याच्यापाशी नव्हते. आणि त्याचे पान माझ्या पानापेक्षा बोटभर मोठे आहे.