राणीला कोणी ठेवून घेतलं

विनीताने बटाट्यांचं पातेलं सिंकमध्ये असं आपटलं की गरम पाणी तिच्याच मनगटावर उडालं.

"तू प्रोफेसरांना फोन केलास? मला न विचारता?"

"तुझंच टेन्शन कमी केलं," श्रीरंग टायची गाठ सारखी करत म्हणाला. "रात्री बॉस पहिल्यांदा जेवायला येतोय. त्यात तुझा तीन वाजता पीएचडीचा डिफेन्स, ती तोंडी परीक्षा. ते म्हणाले, कॅन्सल करू."

"सोमवारी ते वर्षभरासाठी इंग्लंडला चाललेत!"

"मग पुढच्या वर्षी दे. तेराशे वर्षांपूर्वीच्या तुझ्या नन्स काय पळून चालल्यात?"

विनीताच्या मस्तकात तिडीक गेली. सहा वर्षं ती नेपरव्हिलहून शिकागोची ट्रेन धरत होती, बर्फ असो की काही असो. जुन्या इंग्लंडमधल्या राजघराण्यांतल्या ज्या बायका मठ चालवू लागल्या, संत झाल्या, त्यांच्यावर तिने चारशे पानं लिहिली होती. आणि या शहाण्याने दाढी करता करता सगळं निकालात काढलं.

"पळालीच होती एक! राणी एथेलड्रेडा. तिला मठात जायचं होतं, राजाने बारा वर्षं अडवून धरलं. शेवटी गेलीच. स्वतःचा मठ उभारला तिने. त्या नवऱ्याचं नाव आज कोण घेतं?"

"बघ आत्या, सकाळी सकाळी लेक्चर!" श्रीरंग हसला.

नीलाआत्या डेट्रॉइटहून चार दिवसांसाठी आल्या होत्या. श्रीरंग त्यांचा लाडका भाचा, त्यामुळे विनीताला त्यांच्याकडून काडीची आशा नव्हती. कोथिंबीर निवडता निवडता त्यांनी मान वर केली.

"नवऱ्याला सोडून ती गेली कुठे गं? अशा बाईला ठेवून कोण घेतं?"

"दुसऱ्या एका मठात. तिथली मुख्य..." विनीता अडखळली. "राजाची सख्खी आत्या होती."

श्रीरंगने उगाच घड्याळ पाहिलं.

आत्यांनी कोथिंबिरीची जुडी त्याच्या हातात दिली.

"टाय काढ आणि ही निवड. विनीता, प्रोफेसरांना फोन लाव, येतेय म्हणावं. बर्फ फार आहे, ड्राइव्ह मी करते."

"अगं आत्या, माझं ऑफिस!"

आत्या कोट चढवायला गेल्यासुद्धा. विनीता डायल फिरवू लागली. रागाच्या भरात दोनदा नंबर चुकला. तिसऱ्यांदा पलीकडे घंटा वाजली.